ग्रामसभेत बोलून काय होतं? दीडशे वर्षांची एक गोष्ट

आज जरा लांब लिहिणार आहे. चहा घेऊनच बसा.

मागच्या ग्रामसभेतली गोष्ट. विषय नेहमीचेच होते. खांबावरचे बंद दिवे, रस्त्याच्या कडेला रात्रभर उभे राहणारे कंटेनर, ओढ्याला येणारं वासाचं पाणी, शाळेपुढचा गतिरोधक. एकेक जण उठून बोलत होता. मागं बसलेला एक तरणा पोरगा उठला आणि म्हणाला, "अण्णा, इथं बोलून काय होतंय? कारखान्याकडचा रस्ता एमआयडीसीचा. बांधकामाची परवानगी पीएमआरडीएची. पोलीस पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे. धरण पाटबंधारे खात्याचं. ग्रामपंचायतीकडं राहिलं काय? दिवाबत्ती. आन् तीबी बंद!"

सगळे हसले. त्याला उत्तर मात्र कुणी दिलं नाही. मीही नाही. चहा झाला, सह्या झाल्या, सभा संपली.

घरी आल्यावर त्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. पोरगं काही चुकीचं बोललेलं नव्हतं. आपलं गाव धड खेडं राहिलं नाही आणि धड शहरही झालेलं नाही. बाहेरचा माणूस 'नवलाख उंबरे' हे नाव ऐकून विचारतोच, की उंबरे म्हणजे दारातले की झाडाचे? आपण सांगतो, दारातले, नऊ लाख होते म्हणे. आता तेवढे उंबरे नाहीत, पण प्रत्येक उंबऱ्यामागं एक तक्रार नक्की आहे. आणि ती न्यायची कुठं हे कुणाला धड माहीत नाही.

म्हणून म्हटलं, आपल्या भागात लोकांनी गाऱ्हाणी कुठं नेली, कुणी ऐकली, कुणी नाही ऐकली, हे एकदा ओळीनं लिहून काढावं. त्या पोराला उत्तरही त्यातच सापडतंय का बघू.

सुरुवात आपल्याच मावळापासून करू. पुण्यात नगरपालिका वगैरे यायच्या कितीतरी आधी, शिवकाळात आणि त्याच्याही आधी, बारा मावळांत तंटा झाला की गोतसभा बसायची. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे, बलुतेदार असे लोक जमायचे. साक्षी व्हायच्या आणि शेवटी जो निर्णय होईल तो कागदावर उतरायचा. त्या कागदाला म्हणायचे महजर. ज्यांना लिहिता येत नसे, ते आपली खूण करायचे. शेती करणाऱ्याची निशाणी नांगर. बाईची निशाणी बांगडी. जुन्या कागदांवर आजही ती नांगराची चित्रं दिसतात. आज आपण मंत्रालयातले कागद माहिती अधिकारात मागतो, तसे तेव्हाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या महजर जपून ठेवायचे, कारण पुढं भांडण उभं राहिलं तर तोच पुरावा.

पण उगाच जुनं ते सोनं म्हणायची गरज नाही. गोतात बसायचा मान वतनदारांचा. वतन नसलेल्याला तिथं तो मान नव्हता. ज्याला बसायला जागा, त्याच्याच शब्दाला वजन. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढच्या दीडशे वर्षांत भांडण शेवटी याच एका गोष्टीचं आहे.

इंग्रज आले आणि १८५८ मध्ये पुण्याला नगरपालिका मिळाली. आपल्याकडं लोणावळ्याला १८७७ मध्ये. नगरपालिका आली म्हणजे लोकांचं राज्य आलं असं समजू नका. सुरुवातीला सभासद निवडून येत नसत, सरकार नेमायचं. कलेक्टर, साहेब लोक, सरदार, सावकार, पेन्शनर. रस्ते, दिवे, संडास, पाणी यांचे निर्णय हे लोक घेणार आणि कर भरणार सगळे.

अशा त्या सभागृहात १८७६ मध्ये एक वेगळा माणूस सभासद म्हणून आला. जोतीराव फुले. १८८२ पर्यंत ते तिथं होते. शाळा, सत्यशोधक समाज, शेतकऱ्याचा आसूड हे आपल्याला माहीत असतं. पण जोतीराव नगरसेवक होते आणि त्यांनी नगरपालिकेत वॉर्डातल्या माणसाचे असतात तसले प्रश्न मांडले, हे फार जणांना माहीत नसतं.

१८८० मधली गोष्ट घ्या. पुण्यात दारूची दुकानं वाढत चालली होती. गुत्त्यामुळं घरं कशी उद्ध्वस्त होतात हे आजच्या आपल्या बायकांना सांगायला नको. जोतीरावांनी भाषण ठोकलं नाही. त्यांनी १८ जुलै १८८० रोजी व्यवस्थापक समितीचे हंगामी अध्यक्ष असलेल्या प्लंकेट साहेबांना पत्र लिहिलं. त्यात मुद्दा साधा होता. नगरपालिका लोकांच्या आरोग्यासाठी खातं चालवते, त्यावर पैसा खर्च करते. आणि त्याच शहरात लोकांचं आरोग्य आणि नीती बिघडवणारी दुकानं वाढतायत. मग तुमच्या आरोग्य खात्याचा उपयोग काय? म्हणजे तक्रार करताना त्यांनी नगरपालिकेचंच काम नगरपालिकेपुढं ठेवलं. हे शिकण्यासारखं आहे. आपण अर्ज लिहितो तेव्हा 'आमच्यावर अन्याय होतोय' एवढंच लिहितो. 'हे तुमचं काम आहे आणि तुम्ही ते करत नाही' असं लिहीत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात दुसरा प्रसंग. व्हाइसरॉय पुण्याला येणार होते. स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करायचा विषय आला. जोतीराव म्हणाले, हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. मतं पडली. ३२ सभासदांत विरोधात मत एकच, जोतीरावांचं. खर्च मंजूर झाला.

आता कुणी म्हणेल, मग फायदा काय झाला? हरलेच की! हो, हरले. पण आज एकशे पंचेचाळीस वर्षांनी त्या ठरावाबद्दल आपल्याला काय माहीत आहे? बाकीच्या सभासदांची नावं कुणालाच आठवत नाहीत. लक्षात राहिलं ते विरोधातलं एक मत. कारण ते नोंदलं गेलं. नाक्यावर, कट्ट्यावर त्या स्वागताला नावं ठेवणारे तेव्हा पुण्यात पुष्कळ असतील. त्यांच्या बोलण्याची नोंद नाही.

पुढं नगरपालिकेनं मोठी मंडई बांधायचं ठरवलं. गरिबांच्या शाळांना पैसे नाहीत आणि बाजाराच्या इमारतीवर लाखांनी खर्च कसला, असा जोतीरावांचा विरोध होता. मंडई झालीच. १८८६ मध्ये तिचं उद्घाटन झालं आणि नाव दिलं गव्हर्नर रे यांचं. पुढं आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच मंडईला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. आज आपण पुण्याला भाजी घेऊन जातो ती महात्मा फुले मंडई ती हीच. गंमत बघा, ज्या इमारतीला विरोध केला तिच्यावरच नाव.

जोतीराव सभागृहात असतानाच १८८२ मध्ये लॉर्ड रिपननं स्थानिक स्वराज्याचा ठराव आणला. त्यानंतर नगरपालिकांत आणि लोकल बोर्डांत निवडून आलेली माणसं बसायला लागली. पण मत कुणाला? जो ठरावीक कर भरतो, ज्याची मालमत्ता आहे त्याला. म्हणजे नेमणूक गेली आणि पैशाची अट आली. गरिबाचा उंबरा अजून सभागृहाच्या बाहेरच.

याचा परिणाम काय होतो हे बघायचं तर घाट उतरून महाडला जावं लागेल. तिथली गोष्ट आपल्याला १४ एप्रिलला दरवर्षी ऐकायला मिळते, पण त्यातली नगरपालिकेची बाजू सहसा कुणी सांगत नाही.

१९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. महाडचं चवदार तळं नगरपालिकेच्या ताब्यातलं. म्हणून महाड नगरपालिकेनं ५ जानेवारी १९२४ रोजी आपला ठराव केला, की तळं सगळ्यांना खुलं आहे.

झालं? कागदावर झालं. तीन वर्षं त्या तळ्याचं पाणी एकाही अस्पृश्याला प्यायला मिळालं नाही. ठराव दप्तरात आणि माणूस तहानलेला. ज्यांना पाणी हवं होतं, त्यांच्यातलं सभागृहात कोण होतं, की जे उठून विचारेल, 'त्या ठरावाचं काय झालं?'

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली. सनातन्यांनी तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं. हे आपल्याला माहीत आहे. पण त्यानंतर काय झालं ते बघा. ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेनं आपला १९२४ चा ठराव मागं घेतला! ज्या हातांनी दिला त्याच हातांनी काढून घेतला. मग तळं खाजगी आहे असा दावा कोर्टात गेला. खटला खालच्या कोर्टापासून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत चालला आणि मार्च १९३७ मध्ये निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं लागला. ठरावापासून निकालापर्यंत तेरा वर्षं. एका तळ्याच्या पाण्यासाठी.

या बाबासाहेबांनी आपल्या तळेगावात बंगला घेतला होता, तो आजही आहे. तळेगावला कामाला जाता-येता आपण त्या बाजूनं जातो. पुढच्या वेळी जाल तेव्हा ही तेरा वर्षं आठवा.

महाडची गोष्ट मी सांगतो ती दोन कारणांसाठी. पहिलं, ठराव झाला म्हणजे काम झालं असं नसतं. ठराव झाल्यावर खरं काम सुरू होतं. दुसरं, ज्या सभागृहात तुमचं मत चालत नाही ते सभागृह तुम्हाला दिलेलं परत घेऊ शकतं, आणि तुम्ही काही करू शकत नाही. रस्त्यावर यावं लागतं, नाहीतर कोर्टात जावं लागतं.

स्वातंत्र्य आलं आणि प्रत्येक प्रौढ माणसाला मत मिळालं. १९५८ मध्ये ग्रामपंचायतीचा कायदा आला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आता तरी प्रश्न सुटायला हवा होता ना? मग ९ ऑगस्ट २०११ का झालं?

पवना धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून महापालिका उचलते. मधल्या गावांतले शेतकरी त्याच नदीवर मोटारी टाकून शेती करतात. महापालिकेनं ठरवलं, की धरणापासून निगडीपर्यंत सुमारे ३५ किलोमीटर बंद पाइपलाइन टाकायची आणि पाणी थेट न्यायचं. शहराच्या बाजूनं त्याला कारणं होती. पाणी गळणार नाही, घाण होणार नाही, उपसायचा खर्च वाचेल. पण नदीकाठच्या शेतकऱ्याला दिसत होतं ते वेगळं. नदीला पाणी राहील का? जमिनीतून नळ जाणार त्याचं काय? आणि धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्यातल्या कितीतरी जणांचं पुनर्वसन तेव्हाही पुरं झालेलं नव्हतं.

९ ऑगस्ट २०११, क्रांतिदिन. बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं. पोलिसांनी गोळीबार केला. तीन माणसं गेली, एक बाई आणि दोन पुरुष. त्यांची नावं मी इथं लिहीत नाही, मावळातल्या पोरासोरांना ती पाठ आहेत. दरवर्षी ९ ऑगस्टला आपण तिथं जातो.

गोळीबार कुणाच्या हुकमावर झाला, यावर आजवर खूप लिहिलं-बोललं गेलंय. मला आज वेगळा प्रश्न विचारायचा आहे. तो पाइपलाइनचा प्रकल्प ज्या सभागृहानं हाती घेतला, त्या सभागृहात मावळातल्या एका तरी शेतकऱ्याचं मत होतं का? नव्हतं. असणारच नव्हतं. ते सभागृह पिंपरी-चिंचवड महापालिकेचं. त्यातले नगरसेवक निगडीतून, चिंचवडमधून, भोसरीतून निवडून आलेले. बऊरच्या माणसाच्या मताची त्यातल्या एकालाही गरज नव्हती. आणि ज्या ग्रामपंचायतींत त्याचं मत होतं, त्यांना हा प्रकल्प मंजूर करायचा किंवा अडवायचा अधिकार नव्हता. सगळ्यांना मत असूनही महाडची तीच गोष्ट पुन्हा झाली. निर्णय एका सभागृहात आणि ज्याच्यावर निर्णय पडणार तो दुसऱ्याच सभागृहाचा मतदार.

आता आपल्या पोराच्या प्रश्नाकडं या. रस्ता एकाचा, परवानगी दुसऱ्याची, पोलीस तिसऱ्याचे. बरोबर आहे. एमआयडीसी १९६२ पासून आहे आणि तिच्या क्षेत्रात नियोजनाचे अधिकार तिचे. तिला नगरसेवक नाहीत, ती महामंडळ आहे. पीएमआरडीए २०१५ मध्ये झालं. त्यातही आपण थेट कुणाला निवडून देत नाही. म्हणजे आपल्या गावचे मोठे निर्णय घेणाऱ्या दोन्ही ठिकाणी आपल्याला मतदार म्हणून किंमत नाही. जोतीरावांच्या काळातल्या नेमलेल्या सभासदांसारखंच हे.

मग आपल्याकडं आहे काय? एक गोष्ट आहे आणि ती छोटी नाही. ग्रामसभा.

जरा विचार करा. पुण्यात किंवा पिंपरीत राहणाऱ्या आपल्या पाहुण्याला विचारा, 'तुझ्या महापालिकेच्या सभेत तुला उठून बोलता येतं का?' नाही येत. तिथं बोलतात नगरसेवक. नागरिक वर गॅलरीत बसून बघू शकतो, फार तर निवेदन देऊ शकतो. प्रभाग समिती आहे, पण तिच्यातही नगरसेवक आणि नेमलेली माणसं. पुणे महापालिकेनं २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घ्यायला सुरुवात केली, ती चांगलीच गोष्ट. पण ती सुचवणूक. स्वीकारायची की नाही ते महापालिका ठरवणार.

आपल्या ग्रामसभेत गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव आहे तो प्रत्येक जण सभासद आहे. सरपंचाला जितका बसायचा हक्क तितकाच शेवटच्या वस्तीवरच्या म्हातारीला. ज्या गोतसभेत मान वतनदारांचाच होता, ज्या पालिकेत जोतीराव एकटे पडले, ज्या महाडच्या सभागृहात तहानलेल्याला मत नव्हतं, त्या सगळ्यांच्या पुढं एवढी एक पायरी आपण चढलोय. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्यायचं कायद्यानं बंधन आहे. त्याआधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यायची आहे. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातला जो आकडा कमी तेवढी गणपूर्ती लागते. म्हणजे आपल्यासारख्या गावात शंभर माणसं पुरतात. आणि आपण काय करतो? शंभर माणसं जमत नाहीत म्हणून सभा तहकूब. मग तहकूब सभा गणपूर्तीशिवाय उरकायची, पाच-पंचवीस जणांत, चहा-बिस्किटावर.

आणि आता महत्त्वाचं सांगतो, ज्यासाठी एवढं लिहितोय. गाव वाढत चाललंय. वडगावची ग्रामपंचायत जाऊन २०१८ मध्ये नगरपंचायत झाली. आज ना उद्या आपल्या पट्ट्यातही नगरपंचायत, नगरपरिषद किंवा महापालिका याची चर्चा होणार. ती चांगली की वाईट यावर मी आज बोलत नाही. निधी जास्त येतो, कर वाढतो, दोन्ही बाजू आहेत. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती मी सांगतो. ज्या दिवशी गाव शहर होतं, त्या दिवशी ग्रामसभा संपते. त्यानंतर तुमच्या वतीनं बोलेल तो वॉर्डाचा नगरसेवक. तो चांगला निघाला तर उत्तम. नाहीच निघाला तर पाच वर्षं गॅलरीत. म्हणजे उठून बोलायची ही जागा आपल्याकडं किती दिवस आहे हे आपल्यालाच माहीत नाही. आणि आपण ती बिस्किटं खाण्यात घालवतोय.

कुणी म्हणेल, ग्रामसभेनं ठराव करून एमआयडीसी थोडीच ऐकणार आहे? खरं आहे. कंटेनर हलवा असा हुकूम ग्रामसभा देऊ शकत नाही. खोटी आशा मला दाखवायची नाही. पण जोतीरावांकडून आणि महाडकडून जे शिकायचं ते इथंच उपयोगाला येतं. नुसता बोललेला शब्द विरतो. इतिवृत्तात उतरलेला, सहीचा, शिक्क्याचा शब्द पुढच्या प्रत्येक दारात जाऊ शकतो. हरकत नोंदवायची असेल तेव्हा, कलेक्टर कचेरीत, कोर्टात. २०२१ मध्ये पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा आला तेव्हा हजारो लोकांनी हरकती घेतल्या. ज्यांनी मुदतीत लेखी हरकत घेतली त्यांनाच सुनावणीचं बोलावणं आलं. जे पारावर बसून शिव्या देत होते त्यांना कुणी बोलावलं नाही. तेही खरंच बोलत होते, फक्त लिहिलेलं नव्हतं.

आता मी माझ्या परीनं काय ठरवलंय ते सांगतो. पटलं तर तुम्हीही करा.

एक. ग्रामसभेची नोटीस लागली की विषयपत्रिका वाचायची. आपला विषय त्यात नसेल तर सभेच्या आधीच लेखी अर्ज देऊन तो घ्यायला लावायचा. 'ऐनवेळचे विषय' यावर अवलंबून राहायचं नाही. ऐनवेळी वेळ संपलेली असते.

दोन. अर्जात जोतीरावांसारखं लिहायचं. कोणत्या कार्यालयाचं कोणतं काम, ते किती दिवस झालं नाही, त्यामुळं कुणाला काय त्रास. एका अर्जात एकच विषय. 'गावात सगळीच बोंब आहे' असा अर्ज कुठल्याच टेबलावर जात नाही, कारण ते टेबल कुणाचंच नसतं.

तीन. ठराव झाला की त्याची प्रत मागायची. ग्रामसेवकांनी ती संबंधित कार्यालयाला कधी पाठवली, जावक क्रमांक काय, हे विचारायचं. पुढच्या ग्रामसभेत पहिला विषय हाच, की मागच्या ठरावांचं काय झालं? महाडला तीन वर्षं हा प्रश्न विचारणारं सभागृहात कुणी नव्हतं. आपल्याकडं आपण आहोत.

चार. ठराव हरला तरी आपलं विरोधाचं मत नोंदवून घ्यायचं. लाजायचं नाही. ३२ मध्ये एक असलं तरी.

पाच. घरातल्या बायकांना महिला सभेला पाठवायचं असं मी म्हणणार नाही. त्यांना कुणी पाठवायची गरज नाही. त्या दिवशी स्वयंपाक आपण करायचा, बस्स. पाण्याचा, दारूचा, दिव्याचा विषय त्यांच्याइतका नेमका आपल्यातला कुणी मांडत नाही.

राहता राहिला तो पोरगा. काल चहाच्या टपरीवर भेटला. मी त्याला महजरावरच्या नांगराच्या निशाणीचं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे त्या काळी सही येत नव्हती तरी कागद सोडत नव्हते." मी म्हटलं, हो बाबा. आपल्याला तर सही येते.

त्याचा कंटेनरचा अर्ज आम्ही तिथंच टपरीवर लिहिला. दोन प्रतींत. एक द्यायची आणि दुसरीवर तारखेसकट पोच घ्यायची.

पुढच्या ग्रामसभेला भेटू. शंभर तरी जमलो पाहिजे. येताना तुमचाही अर्ज आणा, आणि कमेंटमध्ये तुमच्या वस्तीचा एक विषय लिहा. एकच हं, नीट.